रंगीत पेन्सिलींच्या ब्लेंडिंगची तुलना: पट्ट्या कापण्यापासून गुण देण्यापर्यंत

दोन ब्रँडच्या पेन्सिली हातात आल्या की आपण पहिलं काय करतो? सापडेल त्या कागदाच्या कोपऱ्यात निळ्यावर पिवळा घासतो, बोट फिरवून बघतो आणि ‘ही मस्त मिसळते, ती कोरडी आहे’ असं ठरवून मोकळे होतो. या खटाटोपात पेन्सिल जवळजवळ तपासलीच जात नाही. तपासला जातो तो त्या दिवशीचा हात, टोकाची धार आणि समोर आलेला कागद. मग महागडा सेट घरी येतो आणि चित्रात तो काही वेगळाच वागतो.

खाली दिलेली पद्धत आर्टिस्ट-ग्रेडच्या कोरड्या रंगीत पेन्सिलींसाठी आहे. पाण्यात विरघळणाऱ्या पेन्सिली यात घुसडू नका. त्यांचा बाइंडर, म्हणजे रंगाचे कण बांधून ठेवणारा पदार्थ, वेगळा असतो आणि कोरड्या वापरात त्या मुळातच वेगळ्या वागतात. तीन ब्रँड तपासायला दोन निवांत दुपारी लागतात.

१. ‘ब्लेंड होते’ म्हणजे काय, ते आधी लिहून काढा

या एका शब्दात चार वेगवेगळे गुण दडलेले आहेत:

- एका रंगातून दुसऱ्या रंगात जाताना मध्ये शिवण दिसते का
- थरावर थर किती बसतात
- जोर देऊन घासल्यावर, म्हणजे बर्निशिंग केल्यावर, पृष्ठभाग सलग होतो का
- सॉल्व्हंट, म्हणजे रंग सोडवणारं द्रव, लावल्यावर रंग किती सुटतो आणि पसरतो

यातले पहिले दोन गुण बऱ्याचदा एकमेकांच्या विरोधात जातात. मऊ पेन्सिल दोन थरांतच छान मिसळते, पण तितक्याच लवकर कागदाचे खळगे भरून टाकते. मग वर आणखी रंग घ्यायला जागा उरत नाही. थोडी कडक पेन्सिल सुरुवातीला निराश करते आणि सहाव्या-सातव्या थराला खुलते. प्रिझमाकलर प्रीमियर ही मेणाच्या बाइंडरची, मऊ पेन्सिल. फॅबर-कॅस्टेलची पॉलिक्रोमोस तेलाच्या बाइंडरची आणि तुलनेने कडक. दोन थरांवर तुलना केली तर पहिलीच जिंकणार, हे आधीच ठरलेलं असतं. अशी तुलना करून काय मिळवलं?

‘मेणाची’ आणि ‘तेलाची’ हे शब्द फार काटेकोर समजू नका. तेलाच्या म्हणवल्या जाणाऱ्या पेन्सिलींतही मेण असतं. करन दाशची ल्युमिनन्स मेणाच्या गटातली आणि डरवेंटची लाइटफास्ट तेलाच्या गटातली, पण तेवढ्यावरून त्या कशा मिसळतील याचा अंदाज बांधायला गेलात तर फसाल. म्हणून तर कागदाच्या पट्ट्यांवर रंग लावून बघायचा.

*तपासा:* चार गुणांसाठी वहीत चार वेगळे रकाने आखलेत का? एकच ‘एकूण’ रकाना आखला असेल तर तो आत्ताच खोडा.

२. कागद: एकच ताव, एकच बाजू

हॉट प्रेस (गरम दाबाने गुळगुळीत केलेला), ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), पांढरा कागद घ्या. त्याचा पोत बारीक असतो. रंग धरून ठेवण्याइतका खरखरीत आणि पेन्सिलीचे दोष न झाकण्याइतका गुळगुळीत. कोल्ड प्रेसच्या मोठ्या खळग्यांत सगळ्याच पेन्सिली ठिपकेदार दिसतात. उलट सँडेड, म्हणजे पॉलिशपेपरसारख्या खरखरीत, कागदावर एवढे थर बसतात की मऊ-कडक हा फरकच पुसट होतो. मात्र तुम्ही नेहमी एका ठरावीक कागदावरच काम करत असाल, तर तोच घ्या. इतरांच्या कागदावरचा निकाल तुमच्या काय कामाचा?

पट्टीचं माप १२ × ३ सेंमी. प्रत्येक ब्रँडला रंगांच्या तीन जोड्या आणि दर जोडीला चार पट्ट्या (प्रत्येक चाचणीला एक), म्हणजे १२. तीन ब्रँडच्या ३६ आणि वर चार राखीव, अशा ४० पट्ट्या लागतील. राखीव पट्ट्यांचं काम पुढे येतं. ५६ × ७६ सेंमीच्या एका तावातून शंभराच्या वर पट्ट्या निघतात, त्यामुळे दुसऱ्या तावाला हात लावायची गरज पडत नाही.

कापण्याआधी अख्ख्या तावाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने हलक्या तिरप्या रेघा मारून ठेवा. कागदाच्या दोन्ही बाजूंचा पोत बरेचदा सारखा नसतो. मी पहिल्यांदा या रेघा मारल्या नव्हत्या. पट्ट्या कापून एकावर एक रचल्या, त्यातल्या काही उलट्या झाल्या, आणि एकच पेन्सिल एका पट्टीवर लोण्यासारखी तर दुसरीवर खडूसारखी चालायला लागली. चार तास पेन्सिलीला दोष देत बसलो होतो.

*सावधान:* पट्टीच्या पुढच्या बाजूला बोटं लावू नका. बोटाचं तेल लागलेल्या जागी रंग वेगळा बसतो. पट्टी कडेला धरा आणि हाताखाली साधा कागद ठेवा.

३. रंगांच्या जोड्या: नावावर जाऊ नका

सर्वांत जास्त तुलना इथे बिघडतात. दोन ब्रँडच्या ‘अल्ट्रामरीन’ नावाच्या पेन्सिलींत तेच पिगमेंट, म्हणजे रंग देणारी पूड, असेल याची खात्री नसते. पिगमेंट बदललं की कांडीचा कडकपणा, पारदर्शकता आणि खरखर बदलते. एकाच सेटमधली मऊ पिवळी आणि कडक तपकिरी यांच्यातला फरक कधीकधी दोन ब्रँडमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. ज्या कंपन्या रंगतक्त्यात पिगमेंटचा क्रमांक देतात, त्यांच्यातून सारख्या क्रमांकाच्या पेन्सिली जुळवा. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीबी १५ म्हणजे थॅलो निळा. क्रमांक मिळत नसेल तर पट्टीवर गडद घासून डोळ्यांनी जवळात जवळची छटा शोधा आणि पेन्सिलीवरचं नाव विसरून जा.

तीन जोड्या पुरतात:

- शेजारचे रंग: पिवळा आणि नारिंगी. ही सोपी जोडी आहे. इथेच शिवण दिसत असेल तर पेन्सिलीत किंवा हातात काहीतरी चुकतंय.
- समोरासमोरचे रंग: निळा आणि नारिंगी. मधल्या भागात करडा-तपकिरी तयार होतो. तो स्वच्छ आणि सलग आहे की चिखलासारखा, ते इथे कळतं.
- गडद आणि पांढरा: खरी परीक्षा ही. पांढऱ्यात पिगमेंट अपारदर्शक असतं. काही पांढऱ्या पेन्सिली गडदावर झाकण घालतात, काही नुसतं धुकं आणतात. ल्युमिनन्सची पांढरी तिच्या झाकण्याच्या ताकदीसाठी ओळखली जाते, म्हणूनच अनेक जण बाकी सेट दुसरा वापरूनही ती एक पेन्सिल सुटी घेतात.

फिक्या, दुधाळ छटा तुलनेत घेऊ नका. त्यांत पांढरं पिगमेंट मिसळलेलं असतं आणि त्यामुळे सेटमधल्या बाकी रंगांबद्दल त्या काहीच सांगत नाहीत.

४. टोक आणि दाब आधी ताब्यात घ्या

सगळ्या पेन्सिलींना एकच शार्पनर. टोक काढल्यावर रद्दी कागदावर दहा-बारा हलक्या रेघा मारून सुईसारखी अणी घालवा. दर पट्टीनंतर पुन्हा टोक काढायचं, ‘अजून चालेल’ असं वाटत असलं तरी. बोथट टोक कागदाच्या उंचवट्यांवरूनच सरकतं आणि खळगे पांढरे राहतात. धारदार टोक खळग्यात उतरतं. मऊ पेन्सिल लवकर बोथट होते, त्यामुळे पट्टीच्या शेवटी शेवटी तिच्यावर अन्याय होतो. पट्टी लांब असती तर मध्येच टोक काढावं लागलं असतं. १२ सेंमीचं माप त्यासाठीच.

आता दाब. ‘हलका हात’ म्हणजे किती, हे प्रत्येकाचं वेगळं असतं आणि एकाच माणसाचंही सकाळ-संध्याकाळ बदलतं. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या, त्यावर पुठ्ठा ठेवून काटा शून्यावर आणा, पुठ्ठ्यावर रद्दी कागद ठेवा आणि मनगट कुठेही न टेकवता पेन्सिल चालवा. आकडा हलत राहील, त्याची सरासरी नजरेने धरा. मी हलक्या थरासाठी ६० ते ८० ग्रॅम, मधल्यासाठी १५० च्या आसपास आणि बर्निशिंगसाठी ४०० च्या पुढे असे माझे आकडे ठरवून घेतले आहेत. तुमचे वेगळे असू द्या, फक्त ते सगळ्या ब्रँडना सारखे हवेत.

प्रत्यक्ष पट्ट्या काट्यावर काढायच्या नाहीत, टेबलावर काढायच्या. मनगट अधांतरी ठेवून गोलसर रेघा नीट येत नाहीत. काटा फक्त हाताला सवय लावण्यासाठी. दर चार-पाच पट्ट्यांनंतर एकदा काट्यावर जाऊन हात तपासा. थकलेला हात जड होतो आणि ते आपल्याला कळत नाही.

*तपासा:* डोळे मिटून काट्यावर दहा सेकंद पेन्सिल चालवा, मग बघा. आकडा ठरवलेल्या मर्यादेत असेल तरच पुढे जा.

५. पहिली चाचणी: शिवण

क्रम महत्त्वाचा आहे. एका ब्रँडच्या सगळ्या पट्ट्या उरकून मग दुसरा ब्रँड, असं करू नका. एक जोडी घ्या, ती तिन्ही ब्रँडमध्ये लागोपाठ काढा, मग पुढची जोडी. नाहीतर पहिल्या ब्रँडला ताजा हात मिळतो आणि शेवटच्याला कंटाळलेला. टेबल उन्हातही नको. मेण उबेने मऊ होतं आणि उन्हात राहिलेली पेन्सिल सावलीतल्या पेन्सिलीपेक्षा नक्कीच सरस ठरते.

पट्टीवर १० × २ सेंमीची चौकट आखा. डावीकडून पहिला रंग सहा सेंमीपर्यंत, उजवीकडून दुसरा सहा सेंमीपर्यंत, म्हणजे मध्ये दोन सेंमी दोन्ही रंग एकमेकांवर येतात. हलक्या दाबाने लहान लहान लंबगोल रेघा, आणि मधल्या भागाकडे येताना हात आणखी हलका. पहिला रंग, दुसरा रंग, पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा, असे प्रत्येकाचे तीन थर. फिका रंग आधी, गडद नंतर. फक्त पांढऱ्याच्या जोडीत उलटं, गडद आधी.

आता भिंगाखाली मधला भाग बघा. मऊ मेणाच्या पेन्सिलीत कागदाच्या उंचवट्यांवर दोन्ही रंग एकमेकांत फासले गेलेले दिसतात, जणू पातळ साय पसरावी, आणि खोल खळगे मात्र पांढरेच राहिलेले असतात. कडक पेन्सिलीत रंग सुटे सुटे, बारीक कणांसारखे शेजारी शेजारी बसलेले दिसतात. हातभर अंतरावरून डोळाच त्यांना मिसळतो. दोन्ही पट्ट्या लांबून ‘छान’ दिसतील, पण वर पुढचा थर चढवताना त्या वेगळ्या वागणार आहेत. नोंद करताना ‘गुळगुळीत’ एवढंच लिहू नका, फासलेलं की कणाकणाचं तेही लिहा.

*सावधान:* पट्टीवर पडलेला रंगाचा भुगा फुंकरीने किंवा हाताने झटकू नका. फुंकरीबरोबर थुंकीचा थेंब उडतो, हाताने डाग पसरतो. रुंद मऊ ब्रशने झाडा. आणि पांढरी किंवा पिवळी पेन्सिल दर पट्टीनंतर रद्दीवर घासून साफ करा. तिच्या टोकाला चिकटलेला निळा पुढच्या पट्टीत उतरतो आणि आपण ‘हा ब्रँड मळकट मिसळतो’ असं लिहून बसतो.

६. दुसरी चाचणी: किती थर बसतात

नव्या पट्टीवर ४ × २ सेंमीच्या चौकटीत दोन्ही रंग आलटून पालटून, पूर्ण चौकटभर, हलक्याच दाबाने चढवत जा. प्रत्येक थराला पट्टीच्या कडेला एक टिंब. थरांची दिशा बदलत राहा: उभा, आडवा, तिरपा. थांबायचं कधी? तीन खुणा आहेत. पेन्सिल पकड सोडून काचेवरून घसरल्यासारखी सरकते. पृष्ठभागाला चमक येते. किंवा नवा थर रंग द्यायच्या ऐवजी खालचा रंग उचलायला लागतो. यातली पहिली जी दिसेल तिथे थांबा आणि टिंबं मोजा.

इथे होणारी हमखास चूक म्हणजे थर बसेना की नकळत जोर वाढवणं. जोराने आणखी दोन थर बसतातही, पण ती बर्निशिंगची सुरुवात असते आणि मोजणी खोटी पडते. शंका आली की वजनकाट्याकडे जा.

हा आकडा चित्र काढणाऱ्याला शिवणीच्या गुणांपेक्षा जास्त उपयोगी पडतो, असं माझं मत. त्वचेचे रंग, फळाची साल, केस, जिथे आठ-दहा रंग एकमेकांवर चढवायचे असतात तिथे चौथ्या थराला दमणारी पेन्सिल कितीही मऊ असली तरी उपयोगाची नाही. आणि झटपट रेखाटनं, रंगीत कागदावरची कामं करणाऱ्याला याच्या नेमकं उलटं वाटेल.

७. तिसरी चाचणी: बर्निशिंग

तिसऱ्या पट्टीवर पाचव्या टप्प्यासारखेच तीन-तीन थर द्या आणि मग मधला भाग रंगहीन ब्लेंडरने, म्हणजे रंग नसलेल्या, फक्त मिसळायच्या पेन्सिलीने, जोर देऊन घासा. सर्व ब्रँडना एकच ब्लेंडर, ही अट. प्रत्येक ब्रँडचा स्वतःचा ब्लेंडर वापरलात तर पेन्सिलींऐवजी ब्लेंडरांची तुलना होईल. दर पट्टीनंतर ब्लेंडरचं टोक रद्दीवर स्वच्छ करा.

बघायच्या गोष्टी दोनच: पांढरे खळगे भरले का, आणि रंगाची चमक तशीच राहिली का काळवंडली.

*सावधान:* बर्निश केलेल्या पट्टीवर दुसरी कुठलीही चाचणी करू नका. कागदाचा पोत दबलेला असतो, तो परत येत नाही.

८. चौथी चाचणी: सॉल्व्हंट

ही सगळ्यात शेवटी ठेवा, कारण एकदा बाटली उघडली की टेबलावरच्या कोरड्या पट्ट्यांवर थेंब उडण्याची भीती असते. कोरड्या पट्ट्या आधी उचलून दुसऱ्या खोलीत ठेवा.

गंधहीन मिनरल स्पिरिट (रंग पातळ करायचं सॉल्व्हंट) वापरा. गंधहीन म्हणजे निर्धोक नव्हे. वाफ होतेच, त्यामुळे खिडकी उघडी हवी, जवळपास ज्योत नको आणि बाटलीचं झाकण दर वेळी लावलेलं हवं. भिजलेली चिंधी चुरगळून केरात टाकू नका, मोकळी पसरून बाहेर वाळू द्या. बेबी ऑइल वापरायचा सल्ला बरेच जण देतात. रंग त्यानेही सुटतो, पण ते तेल उडून जात नाही, कागदात मुरून राहतं. तुलनेसाठी नको आणि टिकाऊ चित्रासाठी तर मुळीच नको.

पुन्हा तसेच तीन-तीन थर. लहान चपटा ब्रश बुडवा, टिश्यूवर एकदा टेकवून जास्तीचं सॉल्व्हंट काढा आणि फिक्या टोकाकडून गडदाकडे एकाच दिशेने तीन वेळा फिरवा. चौथ्यांदा नाही. ब्रश टेकवून न घेणं ही इथली नेहमीची चूक. रंगाचं तळं होतं, कडेला गडद रेघ धरते आणि दोष पेन्सिलीवर येतो. पट्टी पूर्ण वाळेपर्यंत निकाल लिहू नका, ओला रंग नेहमीच जास्त गडद आणि सलग दिसतो.

वाळल्यावर पेन्सिलीच्या रेघांचे वळ शिल्लक आहेत का ते बघा. मग त्याच पट्टीच्या एका कोपऱ्यात पुन्हा एक हलका थर देऊन बघा. सॉल्व्हंटनंतर कागद किती रंग घेतो, हा निकाल बऱ्याचदा धक्का देतो.

९. गुण देताना स्वतःवर विश्वास ठेवू नका

राखीव चार पट्ट्यांची पाळी आता. कुठल्याही एका ब्रँडची एक जोडी निवडून तिच्या चारही चाचण्या दुसऱ्यांदा काढा, पहिल्या पट्ट्यांकडे न बघता. सगळ्या पट्ट्यांवर मागे क्रमांक टाका, ब्रँडचं नाव फक्त वहीत. मग घरातल्या कुणाला तरी त्या पिसून द्यायला सांगा आणि १ ते ५ गुण द्या: आधी हातभर अंतरावरून, नंतर भिंगाने. थरांच्या चाचणीत गुण नकोत, टिंबांचा आकडाच लिहा. फोनवर सगळ्या पट्ट्यांचा एकाच उजेडात फोटो काढून तो कृष्णधवल केलात तर रंगाची भुरळ जाते आणि शिवण चटकन दिसते.

शेवटी वही उघडून राखीव पट्ट्यांचे गुण त्यांच्या जुळ्या पट्ट्यांशी ताडून बघा. त्याच पेन्सिलीला एकदा ३ आणि एकदा ४ दिले असतील, तर तुमच्या हाताची आणि नजरेची चूक एका गुणाची आहे. मग दोन ब्रँडमधल्या एका गुणाच्या फरकाला काही अर्थ नाही. ते सारखेच समजा. फरक दोनचा असेल तर बोलू. ही एक पायरी गाळल्यामुळे कितीतरी ठाम मतं तयार झालेली आहेत.

चार चाचण्यांचे गुण एकत्र करून बेरीज करू नका. शिवणीत ५ आणि चार थरांत दमणारी, आणि शिवणीत ३ पण अकरा थर घेणारी, या दोघींची बेरीज सारखी आली तरी पेन्सिली सारख्या नाहीत. तुमच्या कामाला जो रकाना लागतो तोच वाचा.

१०. तीन आठवड्यांनी पुन्हा

पट्ट्या मध्ये बटर पेपर घालून, तारीख लिहिलेल्या पाकिटात, उजेडापासून दूर ठेवा. मेणाच्या पेन्सिलींच्या जाड थरांवर काही दिवसांनी पांढुरकं धुकं येतं. आतलं मेण हळूहळू वर येत असतं. गडद रंगांवर आणि बर्निश केलेल्या पट्टीवर ते आधी दिसतं. पट्टी तिरपी धरून खिडकीच्या उजेडात बघा. धुकं असेल तर अर्धी पट्टी मऊ कोरड्या कापडाने, अजिबात दाब न देता पुसा आणि अर्धी तशीच राहू द्या. पुसलेल्या भागात पहिला रंग परत आला, तर बिघाड मिसळण्यात नव्हता. त्या पेन्सिलीचे आधीचे गुण कायम ठेवून शेजारी ‘फिक्सेटिव्ह (चित्रावर मारायचा संरक्षक फवारा) लागेल’ एवढं लिहा. पुसूनही मधला भाग विटका राहिला तर मात्र गुण बदला.